चाळीसच्या खाली

१२ ऑक्टोबर

आज बाबांचं इंजिन बोटीतून निघालं. साखळी-कप्पी लावून सहाजणांनी जोर लावला तेव्हा कुठे ते जागचं हललं. धूरवाला मिस्त्री सगळ्यांवर ओरडत होता, "हळू! म्हातारं माणूस आहे ते!" त्याचं खरं नाव धक्क्यावर कुणी घेत नाही. जन्मभर डिझेल इंजिनं दुरुस्त केली, अंगाला कायम तोच वास. इंजिन त्यानं आपल्या शेडमध्ये नेलं. जाताना ताईला म्हणाला, "आता तुमच्या बोटीला साधा खोकलासुद्धा यायचा नाही. करमेल का?" ताई हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

रिकाम्या झालेल्या जागेवर ताई फडकं मारत बसली. लाकडात मुरलेलं तेल ते, निघणार थोडंच. मी म्हटलं, "ताई, तिथे बॅटरी बसणार आहे. त्याआधी रंगही देणार आहोत." म्हणाली, "हो गं, माहितेय." आणि पुसतच राहिली.

धाकधूक आहे. ताईसमोर दाखवता येत नाही म्हणून इथे लिहिते. इन्व्हर्टरच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून मी आले ती या बोटीच्या भरवशावर. बाबा गेल्यापासून ताई एकटीच ही बोट चालवतेय. या काठाला धान्याची गोदामं आणि आमची वस्ती, त्या काठाला इस्पितळ, कॉलेज, कचेऱ्या. पूल आहे, पण पार खाली. रस्त्यानं वळसा घालायचा तर तासाच्या वर जातो, बोटीनं पाव तास. आणि धक्क्याच्या थोडं खाली बंधारा. लहानपणी जेवलो नाही की आई त्याचीच भीती घालायची.

२१ ऑक्टोबर

चालली! विजेवर चालली!

पहिल्या फेरीला लोक कुजबुजत बोलत होते. आवाज नाही म्हटल्यावर माणसांना मोठ्यानं बोलायला संकोच वाटतो, हे मला आधी सुचलंच नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "बाई, हे तर देवळात बसल्यासारखं झालं." मीटरवर बॅटरी किती टक्के उरली ते दिसतं. माणसं नदी बघायची सोडून मीटरच बघत होती. गोदामातला तोलारी तर त्याच्यासमोर ठाण मांडून बसला. दिवसभर पोती तोलणारा माणूस, काटा दिसला की त्याला राहवत नाही. "शंभराचे अठ्ठ्याण्णव झाले," असं त्यानं सगळ्या बोटीला ऐकवलं.

ताई दिवसभर सुकाणूवरच होती. संध्याकाळी बोट बांधताना मात्र हळूच म्हणाली, "बाबांना आवडली असती." एवढं पुरे आहे.

५ नोव्हेंबर

सगळं सुरळीत. धूरवाला रोज येतो, फजितीची वाट बघत असणार. येतो, बॅटरीच्या पेटीवर टिचकी मारतो, ताईच्या हातचा चहा पितो, जातो. आज परत पाना विसरून गेला. या आठवड्यात पकड झाली, मग स्क्रू-ड्रायव्हर, आता पाना. कारागीर म्हणवतो आणि हत्यारं आमच्या धक्क्यावर टाकून जातो. मी ताईला म्हटलं, हा इंजिनं दुरुस्त करताना आत काय काय विसरत असेल! ती म्हणाली, "त्यांना 'हा' म्हणू नकोस. वयानं मोठे आहेत."

१८ नोव्हेंबर

थंडी पडली. सकाळी दोर हातात धरवत नाही.

एक गोष्ट टिपून ठेवते, विशेष काही नाही. संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्यांना मोटरवर जोर आला की व्होल्टचा काटा पूर्वीपेक्षा जास्त खाली वाकतो. वेग कमी केला की परत वर. जोडणी एखादी सैल असेल. सगळे नट आवळले. उद्या बघू.

२० नोव्हेंबर

काटा अजून वाकतोच. पण टक्केवारी ठीक दाखवतेय, फेऱ्या पूर्ण होतायत. उगाच शंका काढत बसायला वेळ नाही.

२७ नोव्हेंबर

रात्र बरीच झालीय, तरी लिहिते.

संध्याकाळची शेवटून दुसरी फेरी. बोट भरलेली, मीटरवर एकतीस टक्के. मी स्वतः बघितले, एकतीस. मध्यावर आलो तेव्हा वरून एक मोठा ओंडका वाहत येताना दिसला. ताईनं त्याच्या वाटेतून निघायला मोटर पूर्ण जोरात लावली, आणि बोट मेली. दुसरा शब्दच नाही. आवाज तर आधीही नव्हता, पण पाणी कापल्याची जी सळसळ असते तीही गेली. ओंडका हातभरावरून निघून गेला आणि आम्ही त्याच्या मागोमाग बंधाऱ्याकडे जायला लागलो.

कुणीतरी किंचाळलं. सगळे एका बाजूला धावले, बोट कलली. ताई सुकाणू सोडून उठली आणि बाबांच्या आवाजात ओरडली, "बसा! जो उभा राहील त्याला मी पाण्यात टाकीन!" बसले. तिनं नांगर टाकला. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा खडकात अडकला आणि दोर असा ताणला की करकरायला लागला. भाजीवालीची टोपली केव्हा पाण्यात पडली कुणाला कळलंही नाही. कोबीचे गड्डे ओळीनं बंधाऱ्याकडे गेले आणि एकेक करून पलीकडे दिसेनासे झाले. सगळी बोट ते बघत होती.

वाळूच्या होडीवाल्यांनी ओढून काठाला आणलं. माणसं सगळी सुखरूप.

आता खरी गोष्ट. नांगरावर थांबलो होतो तेव्हा मी पेटी उघडली, तर व्होल्ट जागच्या जागी! जणू काही झालंच नव्हतं. मीटर शांतपणे एकतीस सांगत होता. बटण दाबलं असतं तर कदाचित चालूही झाली असती. दाबायची हिंमत झाली नाही.

२८ नोव्हेंबर

नदी-वाहतूक खात्याचा तपासनीस आला. सकाळपासून धक्क्यावर ही गर्दी. फेरी बंद, तरी लोक जमलेले. त्यानं विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई म्हणाली, "चूक माझी. मी एकदम वेग वाढवला. मशीनचा दोष नाही."

मला राग आला. मशीनची तपासणी अजून व्हायचीय, हिनं निकालही देऊन टाकला! घरी आल्यावर बोलले तर म्हणते, "तुझं नाव एकदा खराब झालं की धुवून निघायला वर्षं जातात. माझं काय, मी इथलीच आहे." हे काही उत्तर झालं?

कारण सापडेपर्यंत बोट बांधून ठेवायची, असा हुकूम झाला.

२ डिसेंबर

बोट धक्क्याला दोरांनी जखडली आणि जागच्या जागी मोटर चालवून बॅटरी रिकामी करत गेले. थोड्या थोड्या वेळानं मोटर बंद करून व्होल्ट घ्यायचे, पूर्ण जोरात चालवून परत घ्यायचे. दोन्हींत किती फरक पडला आणि त्या वेळी किती अँपियर वाहत होते, एवढं कळलं की भागाकारानं बॅटरीच्या आतला रोध निघतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग. तो मी बोट पाण्यात सोडण्याआधी केला नव्हता. म्हणजे केला होता, पण भरलेल्या बॅटरीवर, उन्हात, एकदाच.

धूरवाला बादली पालथी घालून दिवसभर शेजारी बसला होता. दोर ढिले झाले की न सांगता आवळत होता. काम नाही का या माणसाला?

४ डिसेंबर

सापडलं. दुपारी ताई आणि धूरवाल्याला बसवून समजावलं.

"बॅटरीच्या आतच एक अडथळा असतो. वीज बाहेर यायच्या आधी तिला तो ओलांडावा लागतो, आणि तिथे थोडे व्होल्ट खर्ची पडतात. त्याला अंतर्गत रोध म्हणायचं."

"म्हणजे टोलनाका," धूरवाला म्हणाला.

"हवं तर तसं समजा. बॅटरी भरलेली असताना हा टोल अगदी थोडा. अर्धी संपली तरी जवळपास तेवढाच. तिथेच मी फसले. पण शेवटच्या पाव हिश्शाकडे आलं की तो वाढायला लागतो. आधी हळूहळू, मग एकदम. आणि थंडीत तर सगळाच जवळजवळ दुप्पट होतो."

ताई म्हणाली, "पण मीटर एकतीस सांगत होता. खोटं सांगत होता का?"

"खोटं नाही. आत किती उरलंय ते तो सांगतो. त्यातलं एका दमात किती ओढून घेता येईल ते सांगत नाही. जितकी जास्त वीज मागशील तितके जास्त व्होल्ट आत गळतात. त्या दिवशी ते इतके घसरले की बॅटरीतल्या राखणदार सर्किटनं दार लावून घेतलं. मागणी थांबली, व्होल्ट वर आले."

ताईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी वेग वाढवला म्हणूनच बंद पडली."

मी विचार केला आणि म्हटलं, "तसं बघितलं तर, हो."

धूरवाला एकदम उठला आणि चालायला लागला. चहाही अर्धा टाकून गेला. कशाचा राग आला कोण जाणे. बरोबर तेच तर सांगितलं होतं मी.

६ डिसेंबर

परवा जे बोलले ते आज अंघोळ करताना आठवलं आणि अंगावर काटा आला. वेग कितीवर वाढवायचा नाही हे तिला सांगायचं काम कुणाचं होतं? संध्याकाळी तिच्याजवळ गेले, म्हटलं, "ताई, ते वेगाचं…" ती म्हणाली, "पुरे गं. डाळ बघ, लागेल."

१० डिसेंबर

तपासनिसाला सगळे आकडे दाखवले. नियम ठरला आणि मीटरवर लाल रंगानं लिहिला: चाळीसच्या खाली बोट सुटणार नाही. सही माझी. उद्यापासून परवानगी.

२२ डिसेंबर

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण आमचे प्रवासी आता दूध बघायलाच तयार नाहीत. निम्मे लोक पुलावरून जातात. जे येतात ते बोटीला 'पेशंट' म्हणतात. "आज पेशंट कसा आहे? ताप किती?" तोलारी तेवढा रोज येतो. बायको बरोबर असली की तिला मीटर वाचून दाखवतो. ती म्हणते, "घरी पण असंच. मी वरणात मीठ घालते ते सुद्धा यांना तोलून हवं." आज बऱ्याच दिवसांनी बोटीत हसू आलं.

चाळीसला थांबायचं म्हणजे संध्याकाळच्या दोन फेऱ्या गेल्या. ताईनं एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

७ जानेवारी

काल लिहिणं शक्य नव्हतं. आता सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं ठिकाणावर राहणार नाही.

काल सकाळी वाऱ्यानं वस्तीची विजेची तार तुटली. या काठाला वीज नाही, म्हणजे चार्जिंग नाही. दुपारच्या फेरीनंतर मीटर चाळीसच्या खाली गेला, मी बोट बांधली, साखळीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. त्या फेरीहून परत आलो तेव्हा सव्वीस टक्के उरले होते, आणि थंडी अशी की पाण्यावरून वाफ निघत होती.

दिवस मावळायच्या सुमाराला गोदामाकडून आरडाओरडा ऐकू आला. चार हमाल एका फळीवर कुणाला तरी घेऊन धावत येत होते. तोलारी. छातीत कळ येऊन काट्याशेजारीच कोसळला होता. चेहरा राखेसारखा, घामानं भिजलेला. त्याची बायको अनवाणी धावत होती. इस्पितळात फोन केलेला होता. रुग्णवाहिका पुलावरून येऊन परत जायची म्हणजे दोन तासांच्या वर. वाळूच्या होड्या दुपारीच वर निघून गेल्या होत्या.

"सोडा बोट," हमाल म्हणाले.

मी म्हटलं, "चाळीसच्या खाली आहे."

माझ्याच तोंडून हे वाक्य असं निघालं, जसं एखाद्या खिडकीमागच्या कारकुनाच्या तोंडून. ताईनं माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. म्हणाली, "छोटे, कायदा मला नको सांगू. जमेल का एवढं सांग."

मी हिशेब करायला लागले. पूर्ण जोर लावला तर मध्यावर मरणार, हे नक्की. पण वीज थोडी मागितली तर आत गळतीही थोडी. निम्म्या वेगाला निम्मी वीज लागत नाही, त्याहून बरीच कमी लागते. त्या वेगात बोट मरणार नाही. मात्र त्या वेगात प्रवाह आम्हाला खाली खेचणार, आणि खाली बंधारा.

"आधी बोट वर न्यावी लागेल," मी म्हटलं. "मोटर न लावता. काठानं, दोरानं ओढत. तिथून तिरकी सोडायची. हळू. म्हणजे वाहत वाहत पलीकडच्या धक्क्यापाशी लागेल."

"किती वर?"

"वडाच्या वळणापर्यंत."

ताईनं परत विचारलं नाही. धूरवाला कुठून आला मला माहीत नाही, पण दोर पहिला त्याच्या खांद्यावर होता. हमाल त्याच्यामागे लागले. ताई सुकाणूवर, मी मीटरपाशी, तोलारी फळीवर आडवा आणि त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर. बोट काठाकाठानं प्रवाहाच्या उलट सरकायला लागली. इस्पितळाचे दिवे समोर दिसत होते आणि आम्ही त्यांच्यापासून लांब चाललो होतो.

तोलाऱ्याची बायको ओरडायला लागली. "अहो, तिकडे कुठे? दवाखाना इकडे आहे! उलटी कुठे नेताय?" कुणी उत्तर दिलं नाही. काठावरच्यांना दम नव्हता, ताईचं लक्ष दोराकडे. माझं मीटरकडे.

वळणाशी दोर सोडला. धूरवाला गुडघाभर पाण्यातून येऊन बोटीत चढला, हातात लांब बांबू. मी ताईला म्हटलं, "एवढ्यावर ठेव. याच्या पुढे नाही." ती नदी अशी ओलांडली आम्ही की कुणी काठावरून बघितलं असतं तर म्हणाला असता, फिरायला निघालेत. मध्यावर प्रवाहानं पकडलं, बंधाऱ्याचा आवाज मोठा झाला. व्होल्टचा काटा वाकला, आणखी वाकला. मी "नको, नको, नको" म्हणत होते, मोठ्यानं म्हणत होते हे मला नंतर कळलं. ती बाई म्हणत होती, "जोरात चालवा, पाया पडते, जोरात चालवा." ताईचा हात हँडलवर होता, पण पुढे सरकला नाही. धूरवाल्यानं आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि पलीकडे लागेपर्यंत काढला नाही.

लागलो. धक्क्याच्या थोडं खालीच, पण लागलो. स्ट्रेचर घेऊन माणसं उभी होती. तोलाऱ्याचे डोळे उघडे होते.

एकोणीस टक्के उरले होते. बोट तिथेच बांधून पुलावरून परत येताना ताई ओक्साबोक्शी रडली. धूरवाला म्हणाला, "पोचवलंत ना." मला मात्र आतून कुठेतरी आनंद झाला होता, तो लपवत नाही. गणित बरोबर निघालं होतं.

९ जानेवारी

आज पहाटे तोलारी गेला.

१२ जानेवारी

तोलाऱ्याच्या घरी भेटायला गेलो. दारात चपलांचा ढीग. आत त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, आणि तिचा भाऊ. ताईला बघून ती म्हणाली, "तुम्ही हळू नेलीत."

ताई तिच्यासमोर खाली बसली. म्हणाली, "हो. हँडल माझ्या हातात होतं."

भाऊ म्हणाला, "लोक म्हणतात बोट चालत होती, वेग होता. मग का नाही नेली?" मी बोलायला गेले. व्होल्ट, थंडी, शेवटचा हिस्सा. त्यानं हात वर केला. "बाई, इथे नको." बरोबरच होतं.

ताई परतीच्या वाटेला लागली. मी म्हटलं, "तू का स्वतःवर घेतलंस?" म्हणाली, "कुणावर तरी राग काढायला नको का तिला? तुझ्यावर काढला असता तर तू तिला गणित सांगत बसली असतीस."

१४ जानेवारी

इस्पितळात जाऊन डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, हृदयाचा मोठा भाग आधीच गेला होता, अर्धा तास इकडेतिकडे झाला असता तरी सांगता आलं नसतं. 'फरक पडला नसता' असं म्हणा, अशी मी जवळजवळ विनवणी केली. त्यांनी तेवढंच परत म्हटलं, "सांगता आलं नसतं."

१९ जानेवारी

तपासनिसानं नियम मोडल्याबद्दल जाब विचारला. जे झालं ते लिहून दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली, म्हणाला, "मी काय करणार होतो? मीही सोडली असती." मग शिक्का मारून ताकीद दिली.

ताई म्हणाली, धूरवाले आता आपल्याकडेच राहायला येतील, पुढच्या महिन्यात. त्यांचं एक लहान इंजिन बोटीत जोडीला बसवू, अडीअडचणीला. मी म्हटलं, उत्तम, धक्क्यावर राखणीला माणूस हवंच होतं, पगाराचं काय ठरवलंस? ताई माझ्याकडे बघतच राहिली. "तू इतकी शिकलीस कशी गं?" म्हणाली. आता यात शिक्षणाचा काय संबंध?

२४ जानेवारी

आज एकटीच तोलाऱ्याच्या बायकोकडे गेले. ताईला सांगितलं नाही.

ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "हळू न्यायला मी सांगितलं होतं. ताईनं नाही. वर ओढून न्यायलाही मीच सांगितलं. जोरात नेली असती तर मध्येच बंद पडून बंधाऱ्यावर गेली असती. तुम्हाला हे माहीत असावं म्हणून आले."

ती खडे बाजूला काढत होती. म्हणाली, "बसा."

बसले. तिनं आणखी दोन खडे काढले. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला कळणार नाही. तोलाऱ्याच्या घरात वीस वर्षं काढली मी. थोडं असलं की जपून काढायचं, एवढं कळतं मला."

"मग…"

"तेव्हा का नाही सांगितलंत?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "मी विचारत होते. ओरडून विचारत होते, उलटी का नेताय. मला वाटलं तुम्हाला वेड लागलंय. मला वाटलं, यांना तुम्ही मारताय. ते शुद्धीत होते हो. त्यांनी माझ्या हाताला धरून दोनदा विचारलं, कुठे चाललोय. मला सांगता आलं नाही. एवढंसं वाक्य होतं. तुम्ही तिघं होतात, एकानं तरी सांगायचं."

आता आठवायचा प्रयत्न करतेय, की त्या सगळ्या वेळात मी त्याचा चेहरा एकदा तरी बघितला का. काटा कुठे कुठे होता ते सगळं आठवतं. चेहरा फक्त निघताना आणि पोचल्यावर.

३१ जानेवारी

रोध आत असतो, बाहेरून दिसत नाही, मागणी आल्यावरच कळतो, असं काहीतरी लिहायला बसले होते. खोडलं. माणसं म्हणजे बॅटऱ्या नव्हेत. तिनं एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला येत होतं, मी दिलं नाही. इतकं साधं आहे ते.

आता फेरी सुटण्याआधी मी उभी राहून सगळ्यांना सांगते: आज किती आहे, वाटेनं किती वेळ लागेल, हळू जायचं असेल तर का. लोक आधी हसले. आता ऐकतात. भाजीवाली म्हणाली, "बाई बोलायला शिकल्या."

१६ फेब्रुवारी

थंडी सरली. सकाळी ऊन चांगलं होतं.

पहिल्या फेरीला तोलाऱ्याची बायको आली. हातात एक पिशवी, पलीकडच्या कचेरीत काही काम होतं. तेव्हापासून ती पुलावरूनच जात होती, असं ऐकलं होतं. बोटीत तिला बघून सगळ्यांनी सरकून जागा केली. ती तोलारी बसायचा त्या जागेवर बसली नाही, दुसऱ्या टोकाला बसली.

मी रोजच्यासारखं सांगायला उभी राहिले. तिनंच विचारलं, "आज किती आहे?"

"भरलेली आहे. शंभर."

"मग जोरात जाईल?"

"जाईल."

"न्या."

ताईनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिनं हँडल पूर्ण पुढे सारलं. इतक्या जोरात आम्ही बोट कधी नेलीच नव्हती. पुढचं टोक वर उचललं, पाणी दोन्ही बाजूंनी उडायला लागलं, भाजीवालीनं पदर तोंडाशी धरला. ती बाई ताठ बसून होती, समोर इस्पितळाच्या इमारतीकडे बघत. डोळ्यांत पाणी होतं, पण वाराही होता.

धक्का आला तेव्हा ती लगेच उठली नाही. सगळे उतरून गेले. तिनं मागे वळून नदीकडे बघितलं, आपल्या काठाकडे, जिथून आत्ताच निघालो होतो.

"एवढंच तर होतं," म्हणाली.

मी हात पुढे केला. तिनं तो बघितला, हातातली पिशवी माझ्याकडे दिली, आणि आपली आपण उतरली.